उधारीची वही आणि नादारीचा अर्ज

कॉलेजात दिवाळखोरीचा धडा म्हणजे २०१६ची नादारी आणि दिवाळखोरी संहिता. एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण), १८० दिवस, धनकोंची, म्हणजे पैसे येणं असलेल्यांची, समिती आणि परीक्षेला हमखास येणारं कलम २९अ. वकिलीची सनद घेऊन जळगावला, धुळ्याला किंवा नंदुरबारला बसलात की समोर मात्र वेगळाच माणूस येतो. पारोळ्याकडचा कृषी केंद्रवाला, केळीच्या गाड्या भरणारा रावेरचा व्यापारी, नंदुरबारचा मिरचीवाला, धुळ्याचा यंत्रमागवाला. त्याची कंपनी नसते. दुकानाच्या पाटीवर मुलीचं नाव आणि पुढे ‘ट्रेडर्स’, बस्स. हा माणूस बुडाला तर त्याचा कायदा १९२०चा, आणि तो तुम्हाला कोणी शिकवलेला नसतो.

आधी माणूस ओळखा

प्रांतिक नादारी अधिनियम, १९२०. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाखा शहरांसाठी १९०९चा वेगळा कायदा, उरलेल्या मुलखाला हा. नव्या संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांसाठी सगळी व्यवस्था लिहून ठेवलेली आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून ती लागू झाली ती फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरती. जुने दोन्ही कायदे रद्द करणारं कलम २४३ कागदावरच राहिलं. अर्ज टायपिंगला देण्याआधी ते अधिसूचित झालंय का, हे दर वेळी पाहून घ्यायचं. सवयच लावा.

‘नादारी’ या शब्दाचाही घोळ आहे. या कायद्यात नादारी म्हणजे देणी फेडता न येणं. आमच्या आईच्या पिढीला नादारी म्हणजे शाळेतली फीमाफी. कोर्टाच्या कार्यालयात नुसतं ‘नादारीचा अर्ज’ म्हणालात तर समोरच्याला कोर्ट फी माफीचा, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३चा अर्ज वाटू शकतो. म्हणून कायद्याचं साल सांगूनच बोला.

कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) असेल तर वाट निराळी, २०१६च्या संहितेची. समजा तुमच्या पक्षकाराने जळगाव एमआयडीसीतून एका कंपनीला माल दिला आणि पैसे अडकले. तो परिचालन धनको, म्हणजे दिलेल्या मालाचे पैसे येणं असलेला. कलम ८ची मागणी नोटीस, दहा दिवसांची वाट, मग कलम ९चा अर्ज, दोन हजार रुपये फी. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात असेल तर तारखा मुंबईला. थकबाकी किमान एक कोटी हवी. २४ मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा एक लाख होती, तेव्हाचे मसुदे अजून फिरतात, ते जसेच्या तसे उचलू नका. नोटीस जाण्याआधीच मालाच्या प्रतीवरून ईमेलवर वाद झालेला असेल तर अर्ज टिकणं कठीण. मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा हा २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा त्यावरच आहे. रक्कम एक कोटीच्या खाली आणि पक्षकार नोंदणीकृत लघुउद्योजक असेल तर २००६च्या एमएसएमई कायद्यातली सुविधा परिषद पाहा. तिथे व्याज बँक दराच्या तिप्पट आणि चक्रवाढ. या आकड्यानेच बऱ्याच कंपन्या चर्चेला बसतात.

कंपनीच्या कर्जाला संचालक म्हणून सही ठोकलेला जामीनदार आला तर त्याच संहितेची कलमं ९४ आणि ९५. तिथे एक मोठी सोय आहे: अर्ज दाखल झाल्या दिवसापासून कलम ९६ची अंतरिम स्थगिती आपोआप लागते, म्हणजे वसुली थांबते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळेच फसायला होतं.

पतसंस्था बुडाली म्हणून ठेवीदार आला, आणि आपल्याकडे तो येतोच, तर यातलं काहीच कामाचं नाही. तिथे सहकार कायद्याचा अवसायक (बुडीत संस्था गुंडाळणारा अधिकारी) आणि १९९९चा ठेवीदार संरक्षण कायदा. त्याला उगाच नादारीच्या रांगेत उभं करू नका.

पिशवी टेबलावर ओतून घ्या

आता आपला मुख्य माणूस. एक कृषी केंद्रवाला घेऊ. जून-जुलैत बियाणं, खत, फवारणीची औषधं उधारीवर द्यायची आणि कापूस विकला की दिवाळीच्या आगेमागे वसुली, हा त्याचा धंदा. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा शेतकऱ्याबरोबर हा दुकानदारही खाली आला. शेतकऱ्याकडून येणं थांबलं, वितरकाचं देणं थांबेना. मग एका पतसंस्थेचं कर्ज काढून दुसरीचं भरायचं, साडूकडून हातउसने, सावकाराकडून टक्केवारीने. तीन वर्षांनी तो तुमच्याकडे येतो तेव्हा हातात कापडी पिशवी असते. तिच्यात नोटिसा, चेकची उलटून आलेली पानं आणि लाल पुठ्ठ्याची उधारीची वही.

पिशवी ओतल्यावर पहिला प्रश्न तुमचा नसतो, त्याचा असतो. “वकीलसाहेब, मनं घर बी जाई का?” उत्तर द्यायची घाई करू नका. कागद बघितल्याशिवाय ते देता येत नाही.

दोन याद्या करायच्या, त्याही त्याच्याच तोंडून. १९२०च्या कायद्याच्या कलम १३ने (इथून पुढे वेगळं सांगितलं नाही तर कलमं याच कायद्याची) अर्जात काय लिहायचं ते सांगितलं आहे: देणी किती, कोणाची, धनकोंची नावं आणि पत्ते, मालमत्ता कोणती, कुठे आहे, किमती किती, ती न्यायालयाच्या हवाली करायची तयारी, आणि आधी कधी असा अर्ज केला होता का. वाचायला सोपं आहे. टेबलावर मात्र पहिल्या दिवशी अर्धी यादीच निघते. बँक आणि वितरक तो लगेच सांगतो, कारण त्यांच्या नोटिसा आलेल्या असतात. बहिणीचे दोन लाख, साडूचे दीड, गावातल्या भिशीचे हप्ते तो सांगत नाही. ते ‘घरातले’ पैसे. त्याला वाटतं, ते आपण नंतर बघून घेऊ. मी दुसऱ्या भेटीला बायकोलाही बोलवा म्हणतो. तिला बहुतेक वेळा सगळं तारखेसकट पाठ असतं.

मालमत्तेच्या यादीत नवे लोक ज्या गोष्टीला चुकतात ती म्हणजे तीच उधारीची वही. शेतकऱ्यांकडून येणं असलेली रक्कम ही पक्षकाराची मालमत्ता आहे. ती लिहायलाच हवी. उद्या रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेऊन धनकोंत वाटणारा न्यायालयाचा माणूस, नेमला की ती वसूल करायचा अधिकार त्याचा. वही घ्या, पान पान बघा. तीन वर्षांपलीकडची उधारी मुदतबाह्य. मध्ये कुठे शेतकऱ्याने बाकी कबूल करून सही केली असेल तर मुदत तिथून नव्याने मोजायची, म्हणून सही असलेल्या पानांना चिठ्ठ्या लावून ठेवा. एकदा मी एका वहीत बारा लाखांचा आकडा पाहून खूश झालो होतो. चिठ्ठ्या लावून झाल्यावर हातात राहिले साडेतीन.

त्यानंतर सातबारा, आठ अ आणि घराचा उतारा. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर पक्षकाराचा हिस्साच लिहा, अख्खं शेत नाही. हिश्शावरून वाद निघाला तर तो ठरवायचा अधिकार कलम ४ने याच न्यायालयाला आहे. नंदुरबार, अक्कलकुवा, धडगावकडचा आदिवासी खातेदार असेल तर महसूल संहितेचं कलम ३६ ध्यानात ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती जमीन हस्तांतरित होत नाही, रिसीव्हरलाही. आणि सावकार विनापरवाना असेल, त्याने जमीन लिहून घेतली असेल, तर नादारीच्या आधी २०१४च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे जा. कधी कधी यादीतलं सगळ्यात जड देणं तिथेच हलकं होतं.

आता त्या घराच्या प्रश्नाचं उत्तर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली जे जप्त होत नाही ते नादारीतही जात नाही: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून काढायचे नसतात ते दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, लागतील तेवढी गुरं आणि बियाणं. शेतकऱ्याचं राहतं घरही सुटतं. पण शेतकरी म्हणजे स्वतः कसणारा आणि मुख्यतः शेतीवर पोट असलेला. आपला माणूस दोन एकर कसतो आणि दुकानावर जगतो, त्यामुळे तो त्यात बसत नाही. घर गहाण असेल तर प्रश्नच मिटला. कलम २८(६) प्रमाणे तारण असलेला धनको आपली वसुली तारणातून करू शकतो, नादारी त्याला अडवत नाही. बायकोचं स्त्रीधन त्याच्या यादीत लिहू नका, ते त्याचं नाहीच.

मुलगा सोबत आला असेल तर त्याचाही प्रश्न असतो, वडिलांचं कर्ज माझ्यावर येतं का. २००५च्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जासाठी, केवळ मुलगा म्हणून धर्मशास्त्रातल्या जबाबदारीवर बोट ठेवून त्याच्यामागे लागता येत नाही. त्याने कुठे सही केली आहे का, ते मात्र विचारा. बहुतेक वेळा केलेली असते.

गेल्या दोन वर्षांत काय लिहून दिलं?

हा प्रश्न दार बंद करून विचारावा लागतो. कलम ५३ प्रमाणे अर्जाच्या आधी दोन वर्षांत कोणाला मालमत्ता देऊन टाकली असेल, आणि घेणाऱ्याने प्रामाणिकपणे मोबदला दिलेला नसेल, तर तो व्यवहार रिसीव्हरच्या विरुद्ध टिकत नाही. दीड वर्षापूर्वी बायकोच्या नावे केलेलं प्लॉटचं बक्षीसपत्र इथे येतं. कलम ५४ची मुदत तीन महिन्यांची: बाकी धनकोंना डावलून एकाला पसंतीने दिलेलं. साडूचे दीड लाख मागच्या महिन्यात परत केले असतील तर ते उघडं पडतं.

“मग दोन वर्षं थांबून अर्ज करू,” असं पक्षकार म्हणतो. असा सल्ला देऊ नका. हेतुपुरस्सर मालमत्ता फिरवणं हे कलम ६ मधलं नादारीचं कृत्य आहे; धनको त्यावर तीन महिन्यांच्या आत स्वतःच अर्ज करू शकतो, त्याचं येणं फक्त पाचशे रुपये असलं तरी चालतं. हो, पाचशेच. हा आकडा १९२०पासून तसाच आहे. शिवाय वह्या किंवा मालमत्ता लपवली तर कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद. मी पक्षकाराला सरळ सांगतो, जे आहे ते लिहू आणि जे दिलं तेही लिहू. लपवलेलं बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाच्या नक्कलेत दोन तासांत सापडतं.

अर्ज कुठे, कोणत्या आधारावर

कलम ११ प्रमाणे ऋणको, म्हणजे देणेकरी, जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथलं न्यायालय. मूळ अधिकार जिल्हा न्यायालयाचा. शासन अधिसूचनेने तो कनिष्ठ न्यायालयालाही देऊ शकतं, म्हणून आपल्या तालुक्यापुरतं काय आहे ते आधी कार्यालयात विचारा, नाहीतर अर्ज परत घेऊन दुसऱ्या इमारतीत जावं लागेल.

ऋणकोच्या स्वतःच्या अर्जाला कलम १०. देणी फेडता येत नाहीत एवढं म्हणून भागत नाही. त्याबरोबर तीनपैकी एक हवं. देणी किमान पाचशे रुपयांची, किंवा हुकूमनाम्यावरून (दाव्यात झालेल्या वसुलीच्या हुकमावरून) अटक, किंवा मालमत्तेवर चालू जप्ती. पहिली अट सगळेच पूर्ण करतात, तरी दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कामात, जप्तीचा हुकूम झालेला असेल तर त्याची नक्कल जोडाच. मजकूर खरा असल्याचं सत्यापन दाव्यासारखं. एकदा दाखल केलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, हे पक्षकाराला सही घेण्याआधी सांगा.

अर्ज केला म्हणजे बेलीफ थांबत नाही

माझी चूक सांगतो. वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अशाच एका दुकानदाराचा अर्ज सोमवारी दाखल केला आणि त्याला म्हणालो, “आता निवांत झोपा.” संहितेतली आपोआप लागणारी स्थगिती डोक्यात होती. गुरुवारी सकाळी त्याचा फोन. बेलीफ, म्हणजे कोर्टाचा जप्तीवाला, दुकानात, दोन पंच बाकावर बसलेले, युरियाच्या गोण्या मोजून पंचनामा चाललेला. मी पोहोचलो तोवर कीटकनाशकांची खोकी टेम्पोत चढत होती. बेलीफ सज्जन होता. “साहेब, स्टे दाखवा, मी परत जातो,” म्हणाला. माझ्या फायलीत स्टे नव्हता. कारण या कायद्यात तो दाखल झाल्याने मिळतच नाही. दुकानदार गल्ल्यामागे उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता.

तर मधली वाट अशी. कलम २० सांगतं की अर्ज दाखल करून घेताना, अर्जदार स्वतः ऋणको असेल तर, न्यायालयाने सामान्यतः अंतरिम रिसीव्हर नेमावा. म्हणून मूळ अर्जाबरोबरच त्याचा वेगळा अर्ज द्या आणि दाखल करून घेण्याच्या हुकमातच तो नेमून घ्या. त्या हुकमाची नक्कल हातात येताच जिथे दरखास्त चालू आहे त्या न्यायालयात कलम ५२चा अर्ज: विक्रीच्या आधी कळवलं तर न्यायालयाच्या ताब्यातली मालमत्ता रिसीव्हरकडे द्यावी लागते. दावा आणि दरखास्तीचा खर्च त्या मालमत्तेवर पहिला बोजा राहतो, एवढंच. विक्री होऊन गेली की हातात काही उरत नाही, म्हणून लिलावाची तारीख पहिल्याच भेटीत डायरीत लिहा. दावे थांबवणं कलम २९ खाली आणि अटकेपासून संरक्षण कलम ३१ खाली, पण ही दोन्ही नादार ठरवल्याच्या हुकमानंतरची. अर्ज आणि हुकूम यांच्या मधले महिने तुमचे, त्यांचा बंदोबस्त तुम्हीच करायचा.

चेकच्या केसबद्दल प्रत्येक जण विचारतो. चेक न वटण्याबद्दलचं, चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं कलम १३८ फौजदारी आहे, या कायद्याने ती मिटत नाही. कंपनीवरची अशी केस संहितेच्या स्थगितीत थांबते, पण सही करणाऱ्या संचालकावर चालूच राहते, हे पी. मोहनराज प्रकरणात २०२१ला ठरलं. आपला दुकानदार तर स्वतःच सही करणारा.

सुनावणी, आणि त्यानंतरचं लांबट प्रकरण

सुनावणीत अर्जदाराला देणी फेडण्याची असमर्थता प्रथमदर्शनी दाखवायची असते. आपल्या दोन याद्या नीट असतील तर उलटतपास सरळ जातो. वितरकाचा वकील साडूचे दीड लाख काढणार हे धरून चला. ते आधीच यादीत असेल तर तो प्रश्न तिथेच मरतो.

नादार ठरवल्याचा हुकूम झाला की मालमत्ता रिसीव्हरकडे, आणि परिणाम अर्जाच्या तारखेपासून. जिल्ह्यात शासकीय रिसीव्हर असेल तर सहसा तोच. धनको आपलं येणं शपथपत्राने शाबीत करतात, त्यांची अनुसूची बनते, पैसे आले की सरकारी देणं आणि नोकरांचे पगार आधी, बाकीच्यांना समप्रमाणात. यात वकिलाला फारसं करायचं नसतं. रिसीव्हरला वह्या वेळेवर नेऊन द्या आणि पक्षकाराला त्याच्यासमोर उद्धटपणा करू देऊ नका.

या काळात पक्षकार काय करू शकत नाही ते लिहूनच द्या. स्थानिक संस्थेवर निवडून येता येत नाही, कलम ७३. आमदारकी-खासदारकीला संविधानाची १९१ आणि १०२ ही अनुच्छेदं आडवी येतात. आपल्याकडे प्रत्येक भाऊबंदकीत एक होऊ घातलेला सरपंच असतो, म्हणून सांगतो. भागीदारीत असेल तर भागीदारही राहत नाही. आणि कलम ७२: आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये किंवा जास्त उधार घेणं गुन्हा. पन्नास रुपयांत आज चौकात चार चहासुद्धा कसेबसे येतात, पण कायद्यात आकडा तोच आहे.

हुकमातच मुक्ततेचा, म्हणजे उरलेल्या देण्यांतून सुटण्याचा, अर्ज करायची मुदत लिहिलेली असते. ती चुकली तर कलम ४३ प्रमाणे नादारीच रद्द होते, सगळे बेलीफ पुन्हा दारात, आणि परवानगीशिवाय नवा अर्ज नाही. पक्षकार ही तारीख विसरतो, कारण त्याच्या दृष्टीने त्रास संपलेला असतो. डायरीत तुम्ही लिहा, महिनाभर आधी फोनही तुम्हीच करा. पूर्ण मुक्तता सहज मिळत नाही. कलम ४२ म्हणतं, रुपयामागे पन्नास पैसेही निघत नसतील आणि त्याला आपण जबाबदार नाही हे दाखवता येत नसेल, किंवा आधीच्या तीन वर्षांत नेहमीच्या वह्या ठेवल्या नसतील, किंवा बेदरकार सट्टा केला असेल, तर बिनशर्त मुक्तता नाकारायची. बोंडअळीचे कृषी विभागाचे पंचनामे, त्या वर्षीची पीकविम्याची कागदं इथे उपयोगी पडतात. धंदा का बुडाला ते त्यांतून दिसतं. सरसकट नाही मिळाली तर पुढच्या कमाईतून काही भाग देण्याच्या अटीवर मुक्तता मागा. हुकमाविरुद्ध जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याला छत्रपती संभाजीनगर खंडपीठात, नव्वद दिवसांत.

मुक्तता झाली तरी सरकारी देणं, फसवणुकीतून आलेलं देणं आणि पोटगी सुटत नाही. कलम ४४(३) प्रमाणे जामीनदारही सुटत नाही. हे मी आता पहिल्याच भेटीत, पिशवी उघडण्याआधी सांगतो. पतसंस्थेच्या कर्जाला आपल्याकडे दोन जामीनदार लागतात, आणि त्यांतला एक बहुधा पगारदार असतो: आश्रमशाळेतला मास्तर, भुसावळच्या रेल्वेतला मेहुणा. दुकानदाराची मुक्तता झाल्यावर वसुली अधिकाऱ्याचं पत्र त्याच्या मुख्याध्यापकाकडे जातं. माझ्या त्या दुकानदाराचा निकाल लागला त्या दिवशी मास्तर कोर्टाच्या व्हरांड्यात आले होते, हातात पगाराची स्लिप. कपातीच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “मग हे आता बंद होईल ना, साहेब?”